जावयाने जोडलेलं कानाचं मशीन

दोष प्रवीणरावांचा होता, पण तसं म्हणायची सोय नव्हती, कारण ते फेगड्यांचे जावई होते. त्यांनी आप्पांच्या कानाची मशिनं टीव्हीला जोडून दिली आणि त्या संध्याकाळपासून भुसावळच्या त्या घरात आप्पांशी बोलायचं असेल तर बातम्यांमधून बोलावं लागू लागलं. टीव्हीतल्या माणसांखेरीज त्यांना कुणाचंच ऐकू येईना.

आप्पा म्हणजे तोताराम फेगडे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या लोको शेडमध्ये हातोड्यांच्या दणदणाटात झाली आणि कान तिथेच राहिले. नवी मशिनं आल्यावर ती त्यांच्या कानात नातवाने, ललितने, बसवून दिली होती. काही दिवस त्यांना सगळं ऐकू आलं, सुनेचं पुटपुटणंसुद्धा. तक्रार एकच होती, बातम्या नीट कळत नाहीत. मशीन टीव्हीला जोडलं की आवाज थेट कानात येतो, हे ललितला माहीत होतं. तो उठला तर त्याच्या वडिलांनी, सुधाकररावांनी, त्याला खाली बसवलं.

"इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडणाऱ्याने हात लावायचा नाही. रविवारी जावईबापू येताहेत. ते करतील."

जावईबापू आले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवले, हात पुसले आणि रिमोट घेऊन बसले. पडद्यावर प्रश्न उमटला: बाकीचे आवाज चालू ठेवायचे का?

"हो म्हणा, भाऊजी," ललित म्हणाला.

"कितव्या वर्षाला सोडलंस रे कॉलेज?"

"तिसऱ्या."

"मग बस." आणि प्रवीणरावांनी 'नाही' दाबलं.

चूक सगळ्यांनी पाहिली. ती सुधारायला एक बटण पुरेसं होतं. पण जावयाच्या हातचं काम सासरी कुणी मोडत नाही. त्यांनी दिलेलं घड्याळ बंद पडलं तरी भिंतीवरच राहतं, त्यांनी सुचवलेल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठलं तरी डॉक्टर तोच राहतो. सुधाकररावांनी घरात स्पष्ट सांगितलं, "आप्पा समजून घेतील. जावईबापू समजून घेणार नाहीत." म्हातारा बहिरा झाला तरी चालेल, पण पाहुणा रुसता कामा नये, असा त्या घराचा हिशेब होता, आणि तो मोठ्या माणसांनी केलेला असल्यामुळे बरोबर धरला गेला.

पहिल्याच संध्याकाळी ललितच्या आईने वृत्तवाहिनीला फोन केला. तिकडच्या माणसाने विचारलं, "घरगुती मजकूर आहे का? छोटा असेल तर धरणाच्या बातमीनंतर बसवतो." धरणाची बातमी झाली. निळ्या कोटातली निवेदिका पुढे म्हणाली, "भुसावळचे तोताराम फेगडे यांच्यासाठी. बीपीची गोळी राहिली आहे. आता कांद्याकडे वळू."

आप्पांनी गोळी घेतली. "थँक्यू, बाई," ते म्हणाले. त्यांचं बोलणं मशिनांमधून तिकडे पोचत होतं.

"पाणी जास्त प्या," निवेदिका म्हणाली.

घराला सवय झाली. आंघोळीचं पाणी तापलं, शेजारचे चिंधूभाऊ भेटायला आले, दाढी करायची आहे, हे सगळं बातम्यांमधून जाऊ लागलं. आप्पांचं पोट साफ झालं की नाही हे अख्ख्या महाराष्ट्राला कळायचं, आणि भाजीवाली आईकडे त्याबद्दल चौकशी करायची. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सुधाकरराव तर खूश होते. आपल्या वडिलांशी स्वतः बोलण्याचा त्यांना कायमच कंटाळा होता. आता ते काम पगारी माणसं करत होती.

अडचण फक्त ललितची होती. त्याला रस्त्याकडची पुढची खोली हवी होती. तिथे एक मोडका कूलर आणि जुन्या गाद्या पडलेल्या होत्या. त्याला तिथे कढई टाकून केळीचे वेफर्स तळायचे होते. तीन वर्षं त्याने न समजणाऱ्या विषयांच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि आता पहिल्यांदा त्याला असं काहीतरी करायचं होतं जे त्याला समजत होतं. घर आप्पांच्या नावावर होतं. त्यांच्या होकाराशिवाय तिथे खिळासुद्धा ठोकला जात नसे. त्याने आप्पांना नमुन्याचे वेफर्स तळून दिले होते. त्यांनी वाटीभर खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले, "रविवार होऊ दे, मग बोलू." त्याच रविवारी जावईबापू आले.

आणि जावईबापूंनाही तीच खोली हवी होती, विम्याच्या ऑफिससाठी.

ललितने वाहिनीला फोन केला.

"हा वादाचा विषय आहे," तिकडचा माणूस म्हणाला. "वाद बातमीत घेता येत नाही. चर्चेत घ्यावा लागतो. तुमच्या बाजूने तज्ज्ञ कोण?"

"मीच."

"शिक्षण?"

"अर्धं."

"मग तुम्ही तज्ज्ञ होत नाही. तुम्ही विषय होता. विषयाने घरी बसायचं असतं."

चर्चेच्या दिवशी सगळं घर टीव्हीसमोर बसलं. ललितची मोठी बहीण स्मिता जळगावहून आली होती, नवरा टीव्हीत दिसणार म्हणून सासूने पाठवली होती. प्रवीणराव टाय लावून स्टुडिओत बसले होते. त्यांच्या शेजारी एक निवृत्त प्राचार्य, एक समुपदेशक बाई आणि एक ज्योतिषी होते. खाली पट्टी फिरत होती: पुढची खोली कोणाची?

प्राचार्य म्हणाले, आजच्या मुलांना कष्ट नकोत. समुपदेशक बाई म्हणाल्या, तळण हा पळण्याचा एक प्रकार आहे. ज्योतिषी म्हणाले, खोलीचं तोंड दक्षिणेला आहे, तिथे विमाच चालेल. प्रवीणराव फारसं बोललेच नाहीत. "मी घरचा माणूस. मी काय बोलणार?" एवढं म्हणून त्यांनी टाय सारखा केला. सगळ्यांना ते फार आवडलं.

आप्पा मान डोलवत होते.

"आप्पा!" ललित त्यांच्या कानाशी ओरडला. "आप्पा, ही माणसं काय तुमच्या घरात राहतात का?"

आप्पा टीव्हीला म्हणाले, "बाई, जरा मोठ्याने."

निवेदिका मोठ्याने म्हणाली, "आप्पा, तुमचा निर्णय आम्ही घेणार आहोत, एका छोट्या विश्रांतीनंतर."

जाहिराती लागल्या. आप्पा त्याही तितक्याच आज्ञाधारकपणे ऐकत होते. "सुधाकर, आपण हा साबण वापरत नाही?" त्यांनी विचारलं. सुधाकररावांनी उत्तर दिलं, पण ते साबणाच्या जाहिरातीत नव्हते, त्यामुळे पोचलं नाही.

ललितने रिमोट उचलला.

"ठेव," सुधाकरराव म्हणाले. "ती जोडणी जावईबापूंनी केलेली आहे."

"चुकीची केलेली आहे."

"चुकीची का असेना. त्यांनी केलीय."

"बाबा, तुमचा बाप घरात बसून बहिरा झालाय. औषधाची गोळी त्यांना मुंबईहून कळते. तुम्हाला लाज वाटते ती फक्त जावयाची?"

"तोंड सांभाळ. कॉलेज सोडलंस म्हणून रीतही सोडलीस का?"

"हो. सोडली."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. स्मिता उठून ललितजवळ आली. ती हळू बोलली, कारण ते दोघं लहानपणापासून एकमेकांशी हळूच बोलत.

"ललू, ऐक माझं. तू हे बटण दाबलंस तर ते मला परत इथे येऊ देणार नाहीत. तुला त्यांचा स्वभाव माहीत नाही."

"मग तूच सांग त्यांना, की चुकलं म्हणून."

"मी सांगू?" ती हसली. "मी काय टीव्हीत आहे?"

ललितला तिच्याकडे बघवेना. तो आप्पांकडे बघत राहिला. आप्पा डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात मन लावून ऐकत होते आणि कपाळावर बोटं फिरवत होते.

"सगळे जण तुला आणि मलाच का गप्प बसवतात, ताई?" तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

आप्पा दचकले. त्यांनी वर बघितलं. "हा पंखा एवढा वाजतो?"

"आप्पा, मला पुढची खोली हवी आहे. वेफर्ससाठी."

"मग रविवारनंतर इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोलत होतो."

"अस्सं," आप्पा म्हणाले. त्यांनी एकेकाकडे नीट पाहिलं, मुलाकडे जरा जास्त वेळ. "घे खोली. मीठ मात्र कमी टाक. मागच्या वेळी खारट झाले होते."

जाहिराती संपल्या होत्या. "आप्पा? आप्पा, आवाज येतोय?" निवेदिका विचारत होती. आप्पा ललितला कढई कुठे ठेवायची ते सांगत होते. आपली जोडणी मोडली हे स्टुडिओत प्रवीणरावांच्या लक्षात आलं. त्यांनी कॉलरचा माइक काढून टेबलावर ठेवला आणि ते उठले. प्राचार्यांनी त्यांचा हात धरला, ज्योतिष्यांनी निदान चहा तरी घ्या म्हणून गळ घातली. ते थांबले नाहीत. पट्टी बदलली: जावई उठून गेले. पाठोपाठ बाकीच्या वाहिन्यांनीही तीच बातमी घेतली. एकीने ते जिना उतरताना दाखवले.

स्मिताचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकला आणि पिशवी उचलली. आई तिच्या कपाळाला कुंकू लावायला धावली तोवर ती फाटकाबाहेर गेली होती.

ललितने त्याच आठवड्यात पुढची खोली रिकामी केली आणि कढई टाकली. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसत, केळीचा काप तेलात पडला की होणारा चर्र आवाज ऐकत, आणि गिऱ्हाईकासमोर ललितच्या चुका काढत. ललितही त्यांना उलटून बोले आणि त्यांना ते ऐकू येई. सुधाकरराव मुलाशी बोलत नव्हते. काही निरोप असला तर ते वाहिनीला फोन करत, आणि निवेदिका तो धरणानंतर वाचून दाखवत असे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गल्लीतल्या निंबांना झोके बांधले गेले, सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या आणि दुपारभर गाणी म्हणत राहिल्या. आईने सांजोऱ्या केल्या होत्या. ललितने जळगावला फोन लावला. तो उचलला गेला नाही, दुसऱ्यांदाही नाही.

स्मिता आली नाही. पुढेही ती कधी आली नाही. ललितला खोली मिळाली आणि त्याची बहीण गेली.