कलम चौदामधला 'तो'

नियमावली निर्दोष असावी, असे हेमराज सरांचे ठाम मत होते. जळगावच्या शाळेत एकतीस वर्षे व्याकरण शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'रानयुद्ध' या पत्त्यांच्या खेळाची बेचाळीस कलमी मराठी नियमावली एकट्याने लिहिली होती. प्राण्यांचे पत्ते जमवायचे, एकमेकांत बदलायचे आणि मग लढवायचे, असा तो खेळ. जळगाव-धुळ्यातले लहानथोर त्याच्या नादी लागले होते.

खानदेश अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात सरांची जुनी विद्यार्थिनी वृषाली हिने अजगराचा पत्ता टाकला आणि धुळ्याच्या हितेंद्रचा बिबट्या गिळला. टाळ्या सुरू झाल्या, तोच हितेंद्रने हात वर केला.

"हरकत! कलम चौदा. 'ज्याच्या हाती शेवटचा पत्ता उरेल, तो विजेता.' ही तर 'ती' आहे."

सर हसले. खेळाच्या मंडळाचे अध्यक्ष चुडामणभाऊ मात्र हसले नाहीत. ते समितीला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि चाळीस मिनिटांनी निर्णय घेऊन बाहेर आले.

"'तो' या शब्दात 'ती' समाविष्ट आहे, परंतु विजयी नाही. सबब, चषक कपाटात राहील."

वृषाली सरांसमोर येऊन उभी राहिली. "सर, नाव नोंदवताना मी 'तो'मध्ये होते. मग चषक घेताना बाहेर कशी पडले?"

 लाल झालेल्या कानांनी सर घरी आले आणि दुरुस्तीला बसले.

आधी त्यांनी नपुंसकलिंग लावून पाहिले. "सर, मी काय वासरू आहे का?" हितेंद्र धुळ्याहून फोनवर ओरडला. मग त्यांनी आदरार्थी बहुवचन घातले: 'ज्यांच्या हाती पत्ता उरेल, ते विजेते.' जामनेरच्या सामन्यात जिंकणाऱ्याच्या शेजारी लगेच त्याचे तीन मेहुणे येऊन उभे राहिले. नियमात 'ते' होते आणि ते चौघे होते.

शेवटी सरांना 'व्यक्ती' सापडली. पुरुषही व्यक्ती, बाईही व्यक्ती! त्यांनी आनंदाने मंडळाच्या कार्यालयातल्या डिंपलला फोन केला, "जिथे 'तो' तिथे 'ती व्यक्ती' कर." डिंपलने संगणकाला तसे सांगितले आणि संगणकाने ते फारच मनावर घेतले. पत्तासुद्धा 'तो'च असतो, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. कलम नऊ छापून आले ते असे: 'ती व्यक्ती बाद झाल्यास तिला डब्यात ठेवून झाकण घट्ट लावावे.'

भुसावळच्या पंचांनी नियमाचे काटेकोर पालन केले. नवलभाऊ हरताच त्यांना पत्र्याच्या पेटीत बसवण्यात आले. झाकण लागेना, म्हणून दोन पंच वर बसले.

"बठ्ठा येडा शेतस!" सरांच्या पत्नी सुगंधाबाई कपाळावर हात मारून सगळ्यांनाच वेड्यात काढत म्हणाल्या.

पण पेटीबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दारात तीनशे पुरुष जमले. पुढे नवलभाऊ, पाठीवर झाकणाचा वळ घेऊन. घोषणा होती, "पेटीत बसू, पण 'ती' होणार नाही!"

"अहो, 'ती'मध्ये 'तो' समाविष्ट आहे," सर समजावू लागले.

"समाविष्ट?" हितेंद्रचा आवाज चिरकला. "म्हणजे आम्ही नुसते समजून घ्यायचे? हा काय न्याय झाला?"

वृषाली पायरीवर बसून पोट धरून हसत होती. तिला पाहून सर थेट आत गेले. त्यांनी कपाट उघडले आणि चषक आणून सगळ्यांदेखत तिच्या हातात दिला. "कलम कोणते?" चुडामणभाऊ किंचाळले. "कलम नाही, भाऊ. ती जिंकली," सर म्हणाले. एकतीस वर्षांत एवढे साधे वाक्य त्यांनी कधी बोलून पाहिले नव्हते.

मंडळाने तातडीने हरकतींचे अर्ज छापले. पुरुषांनी नव्या नियमाविरुद्ध भरले, बायकांनी बाजूने. अर्जाच्या तळाशी ठळक सूचना होती: 'जो अर्जदार सही करणार नाही, त्याचा अर्ज रद्द समजण्यात येईल.'

सगळ्यांनी मुकाट्याने सही केली. वृषालीनेसुद्धा. आणि तुम्ही? तुम्हीही ती सूचना वाचून न अडखळता इथवर आलातच की.