सर्व्हरचा सत्कार

महेश्वर होटकर पुण्याहून दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर करून आला आणि ईश्वरप्पा आण्णांच्या चादरीच्या कारखान्यातल्या संगणक विभागाला शिस्त लागली. विभाग म्हणजे माणसं तीन. प्रमुख महेश्वर, नुकतीच इंजिनीअर झालेली रेश्मा आणि वीस वर्षं मागांच्या मोटारी दुरुस्त करता करता संगणकाकडे सरकलेला रेवणप्पा. आधी कुणाचा प्रिंटर अडला की माणूस दारातूनच म्हणायचा, "रेवणप्पा, बघ की जरा." रेवणप्पा जायचा, प्रिंटरच्या पोटात हात घालायचा, पाच मिनिटांत काम व्हायचं. पण अशानं टीम बिघडते, असं शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं.

म्हणून फॉर्म आला. अडचण, कारण आणि उपाय लिहायचा, महेश्वरची सही घ्यायची, मगच वस्तूला हात लावायचा. प्रमुखानं स्वतः पान्ह्याला शिवायचं नाही, त्यानं फक्त दिशा द्यायची. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लागला : 'प्रत्येक अडचणीला पाच वेळा "का?" विचारा. पाचव्या उत्तरात खरं कारण असतं.' रेवणप्पानं तो दोनदा वाचला आणि चहाला गेला.

बिचाऱ्या महेश्वरची घाई वेगळीच होती. त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेलं होतं आणि कायम झाल्याचं पत्र आण्णा दिवाळीला देणार होते. तिकडे माळशिरसला, जिच्याशी त्याचं जमलं होतं त्या अपेक्षाच्या वडिलांनी लग्नाच्या याद्या त्या पत्रावर अडवून धरल्या होत्या. आधी पत्र दाखवा, मग बोलू, असं त्यांचं म्हणणं. अपेक्षा रोज फोनवर एकच विचारायची, आण्णा खूश आहेत ना?

आण्णा खंडेनवमीला फारच खूश होते. त्या दिवशी कारखान्यात मागांची, कात्र्यांची, वजनकाट्याची, ट्रकची पूजा होते. यंदा ते सर्व्हरच्या खोलीतही आले. चादरींची सगळी डिझाइनं, सगळ्या ऑर्डरी, कारखान्यातले कॅमेरे, सगळं त्या एका कपाटाएवढ्या यंत्रावर चालतं, हे रेश्मानं त्यांना समजावून सांगितलं. आण्णा गहिवरले. हा रात्रंदिवस राबतो, सुट्टी मागत नाही, उचल मागत नाही, याचा सत्कार झालाच पाहिजे, म्हणाले. आता सोलापुरात सत्कार म्हटला की चादर आलीच. आण्णांनी कारखान्यातली सगळ्यांत जाड, मोरांची चादर मागवली आणि स्वतःच्या हातानं सर्व्हरला डोक्यापासून पायापर्यंत पांघरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात महेश्वरनं वाजवल्या.

दसऱ्याची सुट्टी संपली, माग सुरू झाले आणि अकरा वाजता सर्व्हर बंद पडला. थोडा निवला की चालू व्हायचा, तासाभरानं पुन्हा बंद.

रेवणप्पा म्हणाला, "सायेब, चादर काढा की. गुदमरालंय ते."

"आण्णांनी स्वतःच्या हातानं घातलीय, रेवणप्पा."

"मग मी काढतो."

"फॉर्म भर."

रेवणप्पानं फॉर्म भरला. अडचण : सर्व्हर बंद. कारण : चादर. उपाय : काढणे. महेश्वरनं त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला. मालकाच्या हातचा सत्कार दिवाळीच्या तोंडावर उतरवायचा म्हणजे आपल्या हातानं आपलं पत्र फाडायचं, एवढं काही त्याला शिबिरात शिकावं लागलं नव्हतं.

मग रीतसर बैठक झाली. सर्व्हर बंद का पडतो? तापतो म्हणून. का तापतो? हवा लागत नाही म्हणून. हवा का लागत नाही? अंगावर काहीतरी आहे म्हणून. ते अंगावर का आहे? इथं रेश्मानं पेन खाली ठेवलं आणि महेश्वर खिडकीतून बाहेर बघायला लागला. पाचव्या प्रश्नापर्यंत बैठक पोचलीच नाही. इतिवृत्तात 'खोलीचे तापमान जास्त' असं आलं.

तापमान जास्त, म्हणून खोलीतला एसी सोळावर नेला. भागलं नाही. मग दुसरा एसी लागला, तो आण्णांच्या केबिनमधून काढून आणला. कंपनीसाठी म्हटल्यावर आण्णांनी कारण न विचारता तोही दिला आणि सोलापूरच्या ऑक्टोबरात ते स्वतः टॉवेलनं मान पुसत बसले. दोन एसींचा भार सोसेना म्हणून पॅकिंग विभागाची वीज जायला लागली. पॅकिंगच्या बायका बाहेर लिंबाखाली येऊन बसल्या आणि विभागाच्या नावानं बोटं मोडू लागल्या. सर्व्हर मात्र मोरांच्या चादरीखाली तापतच होता. रेवणप्पा रोज सकाळी येऊन तोच फॉर्म भरायचा, महेश्वर रोज तोच शेरा मारायचा.

आठव्या दिवशी जर्मनीच्या खरेदीदार बाई ऑनलाइन कारखाना बघणार होत्या. वर्षाची ऑर्डर त्यांच्यावर होती. बाई पडद्यावर आल्या, आण्णांनी हात जोडले, कॅमेऱ्यावर माग दिसायला लागले आणि सर्व्हरनं मान टाकली. महेश्वरची पाचावर धारण बसली. आण्णा तडक उठले, रेश्मानं लॅपटॉप हातात घेतला, मोबाइलच्या नेटवरून बाई तशाच चालू, आणि अशी सगळी मिरवणूक सर्व्हरच्या खोलीत शिरली.

आत थंडी अशी, की आण्णांचे दात वाजायला लागले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, सर्व्हरवरची चादर ओढली आणि अंगाभोवती लपेटून घेतली.

रेवणप्पा फॉर्मची वाट न बघता पुढं झाला. पाच मिनिटं निवू दिलं, बटण दाबलं. सर्व्हर सुरू झाला आणि सुरूच राहिला. बाईंनी सगळा कारखाना बघितला, मग हसून काहीतरी विचारलं. रेश्मानं चाचरत मराठी केलं : बाहेर एवढं ऊन असताना तुम्ही चादर घेऊन का उभे, असं बाई विचारतात.

आण्णा महेश्वरकडे वळले. "व्हय रे, हितं एवढं गार का केलंय?"

"सर्व्हर तापत होता, आण्णा."

"का?"

"हवा लागत नव्हती."

"का?"

"पांघरूण होतं."

"का?"

महेश्वरच्या डोळ्यांपुढं माळशिरस आलं.

"तुमीच घातलं की, आण्णा," रेवणप्पा शांतपणे म्हणाला. "खंडेनवमीला. ह्यो बगा फॉर्म. आट हायती."

आण्णांनी आठही फॉर्म वाचले. मग अंगावरच्या चादरीकडे बघितलं, सर्व्हरकडे बघितलं, दोन्ही एसींकडे बघितलं.

"म्हणजे दोन एसी लावून बी ह्या चादरीची ऊब हटली न्हाय?" आण्णा रागावले नव्हते, अभिमानानं चादरीवर हात फिरवत होते. "रेश्मा, बाईंना सांग. सगळं सांग."

रेश्मानं सगळं सांगितलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्याकडे थंडी फार पडते. त्यांनी ऑर्डर दुप्पट केली आणि मोरांचीच चादर हवी, असं बजावलं.

संध्याकाळी आण्णांनी महेश्वरला बोलावलं. पत्र टेबलावर तयार होतं, कायमचं, सहीशिक्क्याचं. महेश्वरनं उचलून वाचलं. खाली विभाग लिहिला होता : विक्री, शोरूम.

"आपल्या मालाची एवढी मोठी गोष्ट आट दिवस दाबून ठिवलीस," आण्णा म्हणाले. "आता जन्मभर सांगत बस."

याद्या झाल्या, तारीख ठरली. महेश्वर हल्ली शोरूममध्ये गादीवर बसतो आणि आपण आपली टीम कशी चालवली, हे गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगतो. गिऱ्हाईक पोट धरून हसतं आणि दोन चादरी जास्त नेतं. संगणक विभागाचा प्रमुख आता रेवणप्पा आहे. आण्णांनी हौसेनं त्यालाही पुण्याला त्याच शिबिराला पाठवलं होतं.

परवा ऐन गर्दीत शोरूमचा प्रिंटर अडला. महेश्वरनं दारातूनच कारखान्याच्या जुन्या सवयीनं हाक मारली, "रेवणप्पा, बघ की जरा."

रेवणप्पा आला. त्याचा हात आपोआप प्रिंटरच्या पोटाकडे गेला, मध्येच थांबला आणि नव्या शर्टाच्या खिशात शिरला. खिशातून त्यानं घडी केलेला कागद काढला.

"फॉर्म भरा की, सायेब."