कमळजाबाई सरनोबत यांणी आतड्याचा घाव भरविला त्याची हकीकत

श्रीधन्वंतरी प्रसन्न. देहास घाव आणि घावास भरण्याची युक्ती ज्याने एकेच हाते दिली, त्यास नमन करून लिहितो. शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरी, राज्याचे थोरले इस्पितळी कमळजाबाई सरनोबत शस्त्रवैद्य होत्या. हात ऐसा की, बाईंचा टाका उसवला हे कोणी ऐकिले नाही. तेव्हा द्वारका लोखंडे म्हणोन तरणी बाई, यष्टी गाडीवरील कंडक्टर, आतड्याचे दाहाने हैराण होऊन आली. आतून व्रण पडत, रक्त जाई, गाडी वाटेत थांबवून उतरावे लागे, उतारू हसत, आणि तिणे भयाने अन्न टाकिले. मग बाईंनी नासला भाग कापून टोकास टोक शिविले, आणि द्वारका बरी होऊन गेली. तों काही वर्षांनी फिरोन आली. शिवणीलगतच नवे व्रण. पुन्हा कापिले. शुद्धीवर येताच द्वारका बोलिली, "बाई, दर बारीला थोडं थोडं कापताय. आतडं संपल्यावर काय कापाल?" हे बोल बाईंचे वर्मी लागले.

मग बाईंनी विचार केला की, निरोग्याचे आतड्याचे अस्तर तर थोडक्या दिवसांत आपले आपण नवे होते, ओरखडा पडला तरी कडेच्या पेशी सरकत येऊन झाकितात, मग हिचेच का झाकीत नाहीत? आणि शोधास प्रयोगशाळा मागितली. विभागाचे प्रमुख डॉक्टर बापूसाहेब राजोपाध्ये, ज्यांणी बाईंस चाकू धरावयास शिकविले, ते रागे भरले: "कमळजा, असा हात देव क्वचित देतो, आणि तू उंदीर पाळत बसणार?" बाई बोलिल्या, "सर, माझा टाका टिकतो, पण शेजारचं आतडं टिकत नाही. मग मी शिवते ते कशाला?" बापूसाहेबांनी तळघरातील एक खोली दिली. मग सकाळी शस्त्रक्रिया आणि दुपारी सूक्ष्मदर्शक, ऐसी वर्षांमागे वर्षे गेली, आणि पहिले औषध उंदरांस लागू पडले ते माणसांवर फुकट गेले, परिषदेत जाणते हसले, आणि शिष्यही सोडून गेले. बाई एकदा रडल्या, मग तोंड धुवोन पुन्हा कामास बसल्या. अखेर उमगले की, दाह शमला तरी कडेच्या पेशींस पुढे सरकण्याचा हुकूम पोहोचत नाही. हुकूम पोहोचविणारे द्रव्य बाईंनी ओळखिले, त्याचे औषध सिद्ध केले, आणि रीतसर परवानगीने माणसांवर चाचणी मांडिली.

ते समयी द्वारका तिसऱ्यांदा आली. आता कापावे तर उरल्या आतड्याने अन्न पचेना, जन्मभर शिरेतून पोषण द्यावे लागे. बाईंनी दोन्ही वाटा उघड सांगितल्या. द्वारका म्हणाली, "नव्या औषधानं नाही भागलं तर?" "तर कापावं लागेल, आणि तेव्हा तुझ्यात ताकद कमी असेल." "तुमची बहीण असती तर काय सांगितलं असतं?" बाई बोलिल्या, "कापायचं थांबू म्हणाले असते. भीत भीत." "मग मीबी भीत भीतच थांबते," ऐसे बोलोन तिणे सही केली.

मग औषध सुरू जाहले, आणि ताप चढला, रक्त थांबेना. बापूसाहेब वार्धक्यात काठी टेकीत आले आणि म्हणाले, "अजून वेळ आहे, टेबलावर घे." बाई नाडी पाहून म्हणाल्या, "आजचा दिवस धीर धरू." दुसरे दिवशी ताप उतरला, मग रक्त थांबले, आणि काही आठवड्यांनी दुर्बीण घालून पाहती तों व्रणांवर गुलाबी कोवळे अस्तर चहूकडोन चढले आहे. द्वारका पडद्याकडे पाहोन रडू लागली. बापूसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि जमलेल्या समस्तांस मोठ्याने सांगितले, "ही माझी विद्यार्थिनी."

येणेप्रमाणे औषध राज्यात पसरले. बहुतांचे घाव भरले. ज्यांचे भरले नाहीत त्यांस बाईंनी आपल्या हाते शिविले, आणि का भरले नाहीत याचा शोध अद्याप चालविला आहे. ऐसी शस्त्रवैद्य ज्या राज्यात जाहली, त्या राज्याने मान ताठ ठेवावी.