बशीखालचा चहा

आमचे हिरेमठ सर चहा पिण्याआधी ग्लास चहानेच विसळायचे. घोटभर चहा ग्लासात घ्यायचा, गोल फिरवायचा, ऑफिसासमोरच्या टपरीमागच्या कडुनिंबाला घालायचा आणि मग खरा चहा ओतून घ्यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस कडक सोवळ्यातला असावा. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ज्याचा नमुना घ्यायचा त्यानंच भांडं विसळायचं. भांड्यात आधीचं काही राहता कामा नये."

हे प्रयोगशाळेतलं शास्त्र. नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं, तर बाटली आधी त्याच पाण्यानं विसळतात. पण ते शास्त्र चहाला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी करमाळा तालुक्यातल्या केमची. आमच्याकडं चहा बशीत ओततात, फुर्र करून पितात आणि कामाला लागतात.

बरं, हे अर्धंच झालं. सर रोज संध्याकाळी दोन चहा सांगायचे. दोन्ही ग्लास विसळायचे, एक स्वतः प्यायचे आणि दुसऱ्यावर बशी झाकून समोरच्या रिकाम्या स्टुलावर ठेवायचे. तो चहा कुणीच प्यायचं नाही. एखादा नवखा त्या स्टुलाकडे वळला की टपरीवाले रफिकभाई ओरडायचे, "अरे वो हिरेमठ साब का सँपल है, हात नको लगाव!" आम्ही सगळे हसायचो, सरही हसायचे. निघताना थंडगार चहा झाडाला घालायचे. या कडुनिंबाला एक दिवस मधुमेह होणार, असं मी म्हणायची.

हिरेमठ सर म्हणजे राज्याच्या प्रदूषण खात्याच्या सोलापूर कार्यालयातले शास्त्रज्ञ. घरात कानडी, ऑफिसात मराठी आणि वैतागले की दोन्हींची मिसळ. मी त्याच कार्यालयात टायपिंग आणि टपाल बघते, शिवाय जुळे सोलापुरात आमची बिल्डिंगही एकच. त्यामुळे हा माणूस मला ऑफिसात आणि जिन्यात असा दोन्हीकडून माहीत.

त्यांच्या प्रत्येक अहवालाखाली एक ओळ असायची : 'हा निष्कर्ष केवळ तपासलेल्या नमुन्यापुरता आहे.' ती मी इतक्या वेळा टाईप केलीय की झोपेतही करीन. सरांच्या तर ती जिभेवरच बसली होती. घरी वहिनींनी विचारावं, आमटी कशी झालीय? सर म्हणणार, "या वाटीपुरती चांगली आहे. पातेल्याचं सांगता येत नाही." भाचीला बघायला पाहुणे आले, चहापोहे झाले, ते गेल्यावर बहिणीनं विचारलं, "अण्णा, मुलगा कसा वाटला?" सरांनी बराच विचार करून सांगितलं, "चार वाजता, त्या खुर्चीत बसलेला मुलगा बरा वाटला." लग्न झालं, संसारही छान चाललाय. पण सर अजून ठाम मत द्यायला तयार नाहीत.

मुंबईच्या साहेबांचे तर त्यांनी हाल हाल केले. आमच्याकडे एका नाल्याचा अभ्यास चालू होता. नाल्याच्या काठानं सुताला रंग देणारे छोटे छोटे रंगखाने, आणि खाली एक गाव. रंगखाने चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय मुंबईला व्हायचा होता आणि तो सरांच्या अभ्यासावर अडला होता. साहेब फोनवर म्हणाले, "हिरेमठ, एका शब्दात सांगा, नाला खराब आहे की नाही?" सर म्हणाले, "साहेब, कुठला नाला? सकाळचा का संध्याकाळचा?" पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत आला. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण निर्णय घेत नाही. आपण निर्णयाला पाणी पुरवतो."

त्यांनी पुरवलंही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हा माणूस ऋतू न् ऋतू त्या नाल्यात उभा राहिला. नाला कधी निळा, कधी लाल. एकदा मीही जीपमधून गेले होते. गावाच्या विहिरीवर सर बाटल्या भरत होते, तेव्हा एका म्हातारीनं त्यांना अडवलं. "सायेब, तुमी लई दिस झालं पानी नेताय. आमी प्यावं का न्हाई, तेवढं सांगा की." मी मनात म्हटलं, आता हिला नमुन्याचं प्रवचन ऐकावं लागणार. पण सर बाटली खाली ठेवून म्हणाले, "पिऊ नका आजी. अजिबात पिऊ नका." त्यांच्या तोंडून इतकं सरळ उत्तर मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढे मुंबईहून हुकूम आला. ज्या रंगखान्यांचे नमुने नापास झाले, त्यांना कुलपं लागली. गावाची विहीर हळूहळू निवळली. आमच्या कार्यालयाच्या दृष्टीनं विषय संपला. मी टपरीवर जायला लागले ती त्यानंतरच.

सरांच्या निवृत्तीच्या वेळी भेटवस्तू आणायचं काम माझ्याकडे आलं. सोलापुरात निरोप द्यायचा म्हणजे चादर आलीच. बाजारातल्या एका दुकानात गेले. एक वयस्क विक्रेते चादरीमागून चादरी उलगडून दाखवत होते. बोलता बोलता मी म्हटलं, "जरा चांगली द्या अण्णा, आमच्या हिरेमठ सरांना द्यायचीय." त्यांचा हात घडीवरच थांबला.

"पाण्याचे हिरेमठ?"

"व्हय," मी म्हटलं. मला वाटलं, ओळखीचे आहेत, किंमत कमी होईल.

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मी व्यंकटेश. शाळेत एका बाकावर बसायचो आमी. रोज संध्याकाळी तुमच्या हाफिसापुढं आमचा चहा असायचा. माझा रंगखाना व्हता, ताई. बापजाद्यापासनं." चादरीची घडी घालत ते सांगू लागले. "हिरेमठच आला नमुना घ्यायला. कागद वाचून दाखवला त्यानं, की मालकानं मागितलं तर नमुन्याच्या दोन बाटल्या करतेत, दुसरी सील करून वेगळ्या लॅबला पाठवता येते. मी म्हनलं, तू घेतोयस नव्हं बे? मग दुसरी बाटली कशाला?"

"मग सर काय म्हणाले?"

"काय न्हाय. जरा उभा राहिला आन् एकच बाटली भरून गेला. ज्यांनी दुसरी मागितली, त्यांचं प्रकरण लांबलं. तेवढ्यात त्यांनी पाणी साफ करायची टाकी बांधून घेतली. त्यांचं चाललंय अजून. माझ्याकडं भांडायला बाटलीच न्हवती."

मी एवढंच सांगितलं, "सर अजून दोन चहा सांगतात. दुसरा झाकून ठेवतात." चादर व्यंकटेश अण्णांनी स्वतः निवडली आणि कागदात व्यवस्थित बांधून दिली. किंमत मात्र एका पैशानंही कमी केली नाही.

निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, चादर, भाषणं. सरांनी आभाराच्या भाषणात एवढंच सांगितलं, की आजच्या सभेपुरतं बोलायचं तर मंडळी चांगली आहेत. मग नेहमीसारखे आम्ही टपरीवर गेलो. सरांनी दोन ग्लास विसळले, एकावर बशी झाकली. थोड्या वेळानं रस्त्यापलीकडे व्यंकटेश अण्णा उभे दिसले. सर उठले, परत बसले, खांद्यावरची शाल उगाच नीट करू लागले. अण्णा आले आणि ग्लास उचलून त्या स्टुलावर बसले. रफिकभाई ओरडायला तोंड उघडून तसेच राहिले.

"एकच विचारतो," अण्णा म्हणाले. "दुसरी बाटली भरली असतीस, तर रिझल्ट बदलला असता का?"

मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडले. आयुष्यभर हा माणूस आमटीबद्दलसुद्धा 'सांगता येत नाही' म्हणत आला. आज एकदा म्हणू दे. त्या तीन शब्दांनी दोघांचंही भागलं असतं.

सर म्हणाले, "न्हाय. तोच आला असता."

अण्णांनी मान हलवली. सर ग्लासाकडे बघत बोलत राहिले. "पण तुला वेळ मिळाला असता. मला तवाच ठाऊक होतं. दुसरी बाटली घेच, असं मी ठासून म्हणायला पायजे होतं. तू नको म्हणालास, दोस्तानं भरवसा टाकला, आणि मला लई बरं वाटलं रे. त्या बरं वाटण्यात मी गप्प बसलो."

अण्णांनी बशी काढली, ग्लासाला बोटं लावून पाहिली.

"थंड झालाय बे," ते म्हणाले. बशी परत झाकून ग्लास स्टुलावर ठेवला आणि आले तसे चालत गेले.

मला फार वाईट वाटलं. कशाला त्या दुकानात बोलून बसले, असंही वाटलं. सर अण्णांच्या पाठीकडे बघत होते. ती दिसेनाशी झाल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, तो 'बे' म्हणाला नव्हं?"

"म्हणाले, सर," मी म्हटलं. सोलापुरात 'बे' परक्याला म्हणत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको होतं.

सर आता निवृत्त आहेत, पण संध्याकाळी टपरीवर येतात. दोन ग्लास विसळतात. फरक एवढाच, की दुसरा आता भरत नाहीत. रिकामाच स्टुलावर पालथा घालून ठेवतात. रफिकभाईंना सांगून ठेवलंय, किटली मंद आचेवर असू दे, तो आल्यावर ओत.

अण्णा अजून आलेले नाहीत. परवा मी न राहवून विचारलं, "सर, येतील का हो ते?"

सरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "सांगता येत नाही मॅडम. एका 'बे'वरून निष्कर्ष काढता येत नाही." आणि दुसरा ग्लास सुलटा करून, घोटभर गरम चहा घेऊन, त्यांनी तो पुन्हा एकदा विसळला.