विहीणबाईंना दाखवायचा हलवा

"हलव्याला काटा कसा आणतात, ते एकदा दाखवतेच त्यांना!" असं प्रभाताईंनी लेकीला ठणकावलं. 'त्यांना' म्हणजे नाशिकच्या विहीणबाईंना. गेल्या वर्षी त्यांनी थोरल्या लेकाच्या मुलाच्या बोरन्हाणाला घरचा हलवा केला होता आणि नंतर वर्षभर तो फोनवरून ऐकवला होता!

कुवेतमधल्या जाब्रियाच्या फ्लॅटमध्ये आठ दिवस मंद आचेवर परात होती. प्रभाताईंची आईही अशीच भल्या पहाटे खसखशीवर थेंब थेंब पाक सोडत बसायची. प्रभाताईंची बोटं पोळली, पण काटा आला. कसा? तर दाढी न केलेल्या जावयाच्या गालासारखा!

"आई, वादळ येणार आहे म्हणे. बोरन्हाण घरातच करू या," संपदा म्हणाली.

"सत्तर वर्षं आभाळ बघतेय मी. थेंब पडायचा नाही!"

गच्चीवर पाट मांडला. हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद घालून एक वर्षाचा नातू राजासारखा बसला. संपदाने विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला, आणि वारा सुटला!

चुरमुरे पार पलीकडच्या अर्दिया वस्तीच्या दिशेने उडाले. धुळीने सगळ्यांचे चेहरे भाजलेल्या बेसनासारखे झाले. मागोमाग पाऊस. मुकुट विरघळून नातवाच्या कानांवरून पाक ओघळू लागला, ताटातल्या हलव्याचं सरबत झालं!

"ओ मावशी, हलवा सोडा, पोराला बघा!" रत्नागिरीच्या शेजारणीने, नूरीने, नातवाच्या डोक्यावर परात धरली.

तेवढ्यात परातीवर ताशा वाजला. टण्! टणटण! गारा! नातू खिदळत टाळ्या पिटू लागला. नूरी हसली, संपदा हसली, प्रभाताईही पदर खोचून ताटात गारा वेचायला लागल्या! सगळी वरात कशीबशी जिन्याच्या दारात आली, तेव्हा कुठे फोनची आठवण झाली.

"बोरन्हाण झोकात झालं हो!" विहीणबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "हलवा पांढराशुभ्र झालाय. काटा तेवढा नाही आला."

"अहो, त्या गारा आहेत!"

"कुवेतला? गारा?" विहीणबाई मायेने हसल्या. "असू द्या. पहिल्यांदा नाही जमत सगळ्यांना."

प्रभाताईंनी नातवाला जवळ ओढलं. नातवाच्या गळ्यातल्या दोऱ्याला हलव्याचा एकच दाणा चिकटून होता. "हा बघा काटा!" म्हणत त्यांनी तो विजयाने कॅमेऱ्यासमोर धरला.

नातवाने तो केव्हाच चोखून गुळगुळीत केला होता!