कम्प्युटरातला पातेरा

गोविंदराव आमच्या घरात शिरताना "बरं हाय का?" असं कधी विचारत नाहीत. चपला काढता काढता विचारतात, "किती जीबी?"

हे आमचे शेजारी. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी बोईसरच्या कारखान्यात कम्प्युटर बघण्याची. निवृत्त झाल्यावर केळव्यात आमच्या वाडीला लागून घर घेतलं. आता बघायला आमच्या सुनेचा एकच कम्प्युटर उरलाय. रोज चार वाजता येतात आणि तो झाडतात.

पहिल्या दिवशी म्हणाले, "आप्पा, तुमच्यात कॅश लई साठलीय." मी आधी दार लोटून घेतलं. मग त्यांनी समजावलं, की एकदा उघडलेलं चित्र, पान कम्प्युटर जवळच ठेवून देतो, पुन्हा लांबून आणायला नको म्हणून. तेच साठत जागा खातं.

"म्हंजे पातेरा," मी म्हटलं. सुपारीखाली वाळकी पानं पडतात, तो.

"आमच्याकडं पाचोळा म्हणत्यात."

"तुमच्याकडं सुपारी तरी हाय का?"

त्या दिवशी त्यांनी सगळं झाडून काढलं. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर सुनेला जागोजाग पासवर्ड मागायला लागला, पानं रखडत उघडायला लागली. मी चौथी शिकलोय, पण मला येत नाय असं कोणापुढे म्हणत नाही. सांगितलं, "मुळाशी थोडा ठेवायचा असतो, गोविंदराव. सगळा काढलात तर माती तापते." तोंड फुगवून गेले. तेव्हापासून जुनं तेवढंच काढतात. कबूल मात्र करत नाहीत.

झाडून झालं की चहा, बशीत ओतून, सावकाश. वहिनी गेल्यापासून घरी करतच नाहीत. "एका कपासाठी भांडं कोण घासणार?"

गेल्या महिन्यात सून त्यांना म्हणाली, "काका, आता ते आपोआप साफ होतं. मी तसं लावलंय. तुम्हाला रोजचा त्रास नको."

"बरं केलंस, पोरी," म्हणाले, आणि अर्धी बशी ठेवून उठले. चार दिवस आले नाहीत.

पाचव्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "ते आपोआप बंद कर."

"का, आप्पा?"

"सांगतो म्हणून."

मग दुपारभर बसून माडांची, होड्यांची, दिसतील ती चित्रं उघडत राहिलो. चारला कुंपणाशी जाऊन हाक मारली, "गोविंदराव, जाम साठलाय."

पलीकडून आवाज आला, "किती जीबी?"

"ते मला वाचता येत नाय," मी म्हटलं. "तुमीच येऊन बघा."

आकडे मला वाचता येतात.