मास्तरांचा उजवा पाय

"हे कुत्रं एक तर सुधारेल, नाहीतर भाऊजींकडे जाईल," कोपराला मलम चोळत मास्तरांच्या बायकोने जाहीर केलं. सकाळी फिरायला नेलेल्या गठुड्याने, म्हणजे त्या कुत्र्याने, मांजर पाहिलं होतं आणि तिला फरफटत अख्खी गल्ली दाखवून आणली होती.

मोटार शिकवायच्या शाळेत मास्तरांचं आयुष्य गेलं होतं. मुलं शिकून लांब गेली होती. संध्याकाळी दार उघडताच अंगावर झेपावणारं गठुडं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते भावाकडे गेलं असतं तर घर खायला उठलं असतं.

जवळच्या मैदानावर एक तरुण बाई कुत्र्यांना अडथळ्यांवरून पळायला शिकवायची. रग जिरते आणि ऐकायची सवयही लागते, असं शेजारी म्हणाले. "तिने ठेवून घेतलं तर राहील," बायको म्हणाली.

मास्तर कंबर कसून तयारीला लागले. दोन स्टुलांवर झाडू आडवा टाकला, की झाली उडी. इस्त्रीची फळी तिरकी लावून चढण केली. गादीची खोळ दुसऱ्या बाजूने उसवून बोगदा केला. खोळ नवीकोरी होती हे त्यांना बायकोने नंतर सविस्तर सांगितलं.

शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, तिथला जादा ब्रेक दाबून मास्तरांनी आजवर स्वतःचा जीव वाचवला होता. त्यामुळे जरा भीती वाटली की त्यांचा उजवा पाय धप्पकन जमिनीवर बसायचा, मग ते गाडीत असोत, जिन्यात असोत की सासऱ्यांपुढे. आता गठुडं झाडूकडे सुसाट निघालं की मास्तरांचा पाय आपटायचा. गठुडं दचकून खाली बसायचं. मग मास्तरांना दया यायची आणि ते त्याला बिस्कीट द्यायचे. गठुड्याने यातून काय घ्यायचं ते घेतलं. मास्तरांना मात्र वाटलं, बिचारं दमतंय.

मैदानावर पहिली उडी झकास झाली. मग गठुडं बोगद्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. मास्तरांचा पाय धप्पकन आपटला.

गठुडं आत बसलं.

मागून एक दांडगं काळं कुत्रं आत घुसलं आणि अडकलं. त्याला हुडकायला त्याची मैत्रीण गेली. बोगदा आधी फुगला, मग हलला, मग मैदानभर चालू लागला. बाईची शिट्टी वाजत होती, मालक मागे धावत होते, आणि मास्तर घाबरून एकसारखा ब्रेक मारत होते.

"काका, पाय उचला आधी," बाई ओरडली. "तुम्ही आपटताय आणि ते बसतंय."

मास्तर एका पायावर उभे राहिले. तत्क्षणी गठुडं बाहेर आलं. पाठोपाठ बाकीची दोघं आली, आणि बोगदा आडवा झाला.

"कुत्रं गुणी आहे. ठेवते मी," बाई म्हणाली. "पण उद्यापासून काकूंनी आणायचं. तुम्ही पुन्हा मैदानात दिसलात तर त्याचं नाव काढून टाकीन."

मास्तरांनी निमूटपणे मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी कुंपणाच्या झुडपामागे जाऊन उभे राहिले. गठुड्याला न बघता घरी बसणं त्यांच्याच्याने होईना. पण ते फळीवर चढलं की इकडे पाय धप्प, आणि तिकडे गठुडं खाली. बायकोला सगळं कळत होतं. ती झटकन बिस्कीट काढायची आणि आपणच बसवल्यासारखा चेहरा करायची. घरी आल्यावर मात्र म्हणायची, "माझी लाज काढू नका हो." भाऊजींचं नाव आता तिच्या तोंडी येत नव्हतं. बिस्कीट मिळतंय म्हटल्यावर इतर कुत्रीही गठुड्याकडे बघून बसू लागली, आणि त्यांचे मालकही खूश होऊन खिसे चाचपू लागले.

असे काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी काळं कुत्रं मालकाच्या हातून सुटलं आणि फाटकाकडे निघालं. बाकीची त्याच्यामागे, आणि गठुडं सर्वांच्या पुढे. पलीकडे भरधाव रस्ता होता. बाईने जीव खाऊन शिट्टी फुंकली, पण एकानेही कान हलवला नाही. झुडपामागे मास्तरांचा पाय असा आपटला की टाच गुडघ्यापर्यंत झणझणली.

फाटकाच्या अलीकडे गठुडं बसलं. काळं बसलं. मागची सगळी पंगतीला बसावीत तशी बसली आणि बिस्किटाची वाट बघू लागली.

बाई झुडपाकडे चालत आली. लपण्यात आता अर्थ नव्हता. मास्तर लंगडत बाहेर आले.

"चूक माझी आहे," ते कसंबसं म्हणाले. "त्याचं नाव काढून टाकू नका. मी उद्यापासून या रस्त्यालासुद्धा फिरकणार नाही."

बाईने बसलेल्या कुत्र्यांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या पायाकडे. गळ्यातली शिट्टी काढून तिने खिशात टाकली.

"उद्या जरा लवकर या काका," ती म्हणाली. "आणि हेच बूट घाला."